अर्धी बाटली

"ते नरसाळं आधी खाली ठेवा!"

ऑरिन दचकला. पोर्टलंडमधल्या त्या दुकानात घरी बिअर बनवणाऱ्यांचं सगळं सामान मिळायचं. मागे पिवळ्या रेनकोटातली एक मुलगी उभी होती, केसांतून पाणी निथळत होतं.

"बाटलीत बिअर वरून धो धो ओतणार?"

"मागच्या वेळी तसंच ओतलं…"

"आणि चव?"

"ओल्या पुठ्ठ्यासारखी," तो ओशाळून म्हणाला.

ती खळखळून हसली. तिचं नाव मेव्ह. "बिअरमध्ये हवा मिसळली की ती गेलीच! या रविवारी मीच तुमच्या घरी बाटल्या भरायला येते. त्याच्या पुढच्या शनिवारी कायमची बेंडला चाललेय, तिथल्या ब्रुअरीत नोकरी लागलीय. जाता जाता एक पुण्य पदरात."

डोंगरापलीकडचं बेंड ऑरिनला इतकं लांब कधीच वाटलं नव्हतं.

कुंपणावरच्या वेलीचे ताजे हॉप्स, म्हणजे बिअरला कडवट चव देणारी फुलं, घालून केलेली बिअर आता एकाच बरणीत उरली होती. पुढचे हॉप्स थेट पुढच्या वर्षी. रविवारी मेव्हनं बाह्या सरसावल्या. नळी बाटलीच्या तळाला टेकवली आणि बिअर खालून वर अलगद चढू लागली. ना खळखळ, ना बुडबुडा.

"आवाज आला की समज, चूक झाली."

बिअर काठापर्यंत आली की मेव्ह नळी बाहेर काढायची. पातळी खाली यायची, वर जेमतेम बोटभर जागा उरायची. लगेच बूच! "एवढीशी हवा यीस्ट खाऊन टाकतं," ती म्हणाली. इतके निवांत, इतके नेमके हात ऑरिननं कधी पाहिले नव्हते. तो पाहतच राहिला.

"बूच लाव ना! माझ्याकडे काय बघतोस?"

"बूचच… लावतोय."

"ते उलटं आहे."

बरणी संपली तेव्हा शेवटची बाटली अर्धीच भरली होती. ऑरिन तिलाही बूच लावायला गेला, तर मेव्हनं त्याचा हात धरला.

"अर्धी बाटली ठेवायची नसते. सगळी हवाच. उद्यापर्यंत वाट लागेल. आजच पिऊन टाकायची."

दोघं पायरीवर बसून आळीपाळीनं ती प्यायली. फेस अजून धरला नव्हता, त्यासाठी घातलेल्या साखरेनं ती गोडसर होती, पण वेलीचा वास अगदी ताजा होता. मेव्हनं डोळे मिटले.

"काय केलंयस रे हे! सुंदर आहे."

शनिवारनंतर हे असं शेजारी कोण बसणार?

"मेव्ह… माझ्याजवळही एक गोष्ट आहे. अर्धवटच आहे अजून. आठवडाभराचीच तर ओळख. पण ठेवली तर नासेल. मला तू फार आवडतेस. जाऊ नको म्हणत नाही. फक्त… सांगितलं."

ती उठली, भरलेल्या बाटल्यांचं खोकं उचललं आणि उबदार कोपऱ्यात सरकवलं.

"फेस धरेपर्यंत तीन आठवडे हात लावायचा नाही. मित्र आले तरी नाही." तिचे कान लाल झाले होते. "पहिली बाटली मी येऊन उघडणार. आणि त्यानंतरची… तू बेंडला घेऊन यायचीस."