रविवारी चहा फाटला

साधना गेडामच्या चंद्रपूरच्या कार्यालयात लोक सहसा चेहरा पाडून येतात. कुणाला नवऱ्याचा माग काढायचा असतो, कुणाला होणाऱ्या जावयाची खरी माहिती हवी असते. मंगळवारी सकाळी आलेल्या बाईने मात्र दुधाची कॅन थेट टेबलावर ठेवली आणि झाकण काढलं.

"बाई, तुम्हीच पाहा. हे दूध नासकं दिसते काय?"

साधनाच्या आधी श्रीहरीभाऊच कॅनमध्ये डोकावले. श्रीहरीभाऊ पोस्टातून निवृत्त झालेले. गाडी त्यांची आणि चहाची तलफही त्यांचीच, म्हणून साधना त्यांना सगळीकडे बरोबर नेत असे. चाळीस वर्षं लोकांची पत्रं वाटूनही एकाही पत्रात काय असेल असा प्रश्न त्यांना पडला नव्हता. हेरगिरीत हा गुण फारसा कामाचा नाही, पण विश्वासाला माणूस पक्का.

"झकास आहे," ते म्हणाले. "याचा चहा..."

"नंतर," साधना म्हणाली आणि बाईला बसायला सांगितलं.

बाईचं नाव चंदा. गडचांदूरजवळच्या खेड्यातली. चार म्हशी, आणि गडचांदुरातल्या सात घरी दुधाचा रतीब. त्यातलं सगळ्यात जुनं घर सईदाबाईंचं, अकरा वर्षांचं. सईदाबाईंच्या हातचा मसाला चहा म्हणजे गल्लीचा अभिमान. त्यांच्या मुलाने, दानिशने, नागपूरहून एस्प्रेसोचं छोटं मशीन आणल्यापासून त्या स्वयंपाकघरात कॉफीचाही दरवळ सुटू लागला होता. बायकांनी फारच आग्रह धरला तेव्हा मायलेकांनी ठरवलं, रविवारी सकाळी सगळ्यांना घरीच शिकवायचं. चहा आईने, कॉफी मुलाने.

पंधरा बायका जमल्या. त्यांच्या डोळ्यांदेखत चहा फाटला. पाठोपाठ कॉफीही फाटली. दोन्हींत दूध एकच होतं, चंदाचं. सोमवारी पाच घरांनी तिला दारातूनच परत पाठवलं.

"सईदाबाई माह्याशी एक शब्द नाई बोलल्या जी," चंदा म्हणाली. "मले त्याचंच जास्त लागलं. भांडल्या असत्या तं मीबी भांडली असती. मागच्या उन्हाळ्यात माह्या मालकाले ऊन लागलं, रस्त्यातच पडला. दानिशनं गाडीत टाकून चंद्रपूरले आनला. सईदाबाई तीन दिवस त्याच्या उशाशी होत्या. त्या घराले मी नासकं दूध देईन काय?"

तिच्या दुधावर एकदा बोट ठेवलं गेलं की गडचांदुरात तिला पुन्हा कुणी भांडं पुढे करणार नव्हतं. हे तिने सांगितलं नाही, पण कॅनचं झाकण तिने दोनदा दाबून लावलं.

साधनाने शनिवारपासूनची हकिगत विचारली. शनिवारी संध्याकाळी सईदाबाईंच्या घरचे सगळे राजुऱ्याला दावतीला गेले होते. अशा वेळी किल्ली चंदाकडे असते. त्या दिवशी दूध तिच्या नवऱ्याने, सोमाजीने नेलं, फ्रिजमध्ये ठेवलं आणि संध्याकाळच्याच बसने तो भावाचं धान कापायला नागभीडकडे गेला. तेव्हापासून त्याचा फोन बंद. रविवारचं ताजं दूध चंदाने स्वतः पोचवलं होतं.

"सोमाजी काय काम करतो?"

"कारखान्यात बायलर साफ कराचं. रातपाळीत औषध भरून येते, बाकीचं सकाळपाळीवाले पाह्यते. घरीबी तशीच सवय. भांडं भिजत घालते अन् निंगून जाते."

श्रीहरीभाऊ मनापासून हसले. त्यांच्या घरीही याच विषयावर वाद होता, फक्त तक्रार त्यांच्याविरुद्ध होती.

तासाभरात तिघं गाडीत होते. दुधाची कॅन चंदाने दोन्ही पायांमध्ये घट्ट धरली होती. सईदाबाईंच्या घरापाशी आल्यावर ती आत यायला तयार होईना, म्हणून दोघंच गेले.

सईदाबाईंनी सरबत पुढे केलं. रविवारपासून त्या घरात चहा झाला नव्हता. साधनाने येण्याचं कारण सांगताच त्या ओशाळल्या.

"मी चंदाला काय बोलू? अकरा वर्षांत एकदा झालं. पण पंधरा बायका बसल्या होत्या हो."

साधनाने त्यांना चहाची सगळी कृती विचारली. किटली आदल्या दिवशीचीच भरलेली होती. त्यांनी तिचं बटण दाबलं, उकळतं पाणी पातेल्यात ओतलं. त्यात आलं, वेलची, दालचिनी, दोन लवंगा, मग पत्ती.

"आलं कच्चं राहिलं असेल," श्रीहरीभाऊंनी तोंड घातलं. "त्यानेही दूध फाटतं."

"आलं मी आधी पाण्यात खळखळ उकळते. तीस वर्षं झाली." सईदाबाईंना ते लागलं. मग त्या थांबल्या. "पण त्या दिवशी एक झालं. रंगच चढेना. आमच्या बोअरच्या पाण्याचा चहा कसा काळाभोर होतो, वर तवंग येतो. त्या दिवशी तवंगही नाही. दोन चमचे पत्ती वाढवली, तरी फिका तो फिकाच. मग दूध घातलं आणि फाटलं."

साधना उठून ओट्याशी गेली. तिने विजेची किटली उघडून आत पाहिलं. गडचांदूरच्या पाण्यात चुना इतका, की भांड्याला महिनाभरात पांढरं अस्तर बसतं. ही किटली आतून लख्ख होती. दांडीला एक लाल चिंधी बांधली होती. शेजारच्या कॉफी मशीनच्या दांडीलाही तशीच.

"किटली छान घासली आहे."

"फरहाने घासली असेल. माझी सून. फार कामसू आहे. चिंध्याही तिनेच बांधल्या, कार्यक्रम होता ना."

दानिश कामावरून जेवायला आला होता. तो मशीनकडे पाहतही नव्हता. रविवारपासून त्याने त्याला हात लावला नव्हता.

"टाकी तू भरली होतीस?"

"नाई, ती भरलेलीच होती. अम्मीनं भरली असन." त्याने आठवून सांगितलं, "वाफेनं दूध जगमधी मस्त फुगलं होतं, मॅडम. एकदम रेशमासारखं. कपातल्या कॉफीवर ओतलं अन् तिथंच फाटलं. पहिली कॉफी चाखली तं आंबट लागली. मले वाटलं, या खेपेचे दाणे खराब आहेत."

फरहा लेकराला घेऊन मागच्या अंगणात बसली होती. साधनाने तिला एकटीला गाठलं. उरलेल्या दुधाचं काय केलं, एवढंच विचारलं. फरहाने मान खाली घातली.

"लेकरासाठी खीर केली. फाटलं नाई. चांगलं दाट झालं होतं."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"दूध चांगलं होतं म्हणलं असतं तं चूक अम्मीच्या चहाची ठरली असती. त्या आधीच इतक्या उदास होत्या. माह्याच्यानं बोलवलं नाई." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "चंदाताईचं काय होईन, हे तवा ध्यानातच नाई आलं."

किटली मात्र तिने घासली नव्हती. ती अम्मींनीच घासली असणार, आणि चिंध्याही त्यांनीच नजर लागू नये म्हणून बांधल्या असणार, असं तिचं म्हणणं. त्या घरात प्रत्येक चांगल्या कामाचं श्रेय दुसऱ्याला देण्याची पद्धत दिसत होती. तपास करणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच अडचण.

निघताना साधनाने बजावलं की मशीनला उद्यापर्यंत कुणीही हात लावायचा नाही.

शेजारच्या रोशनीला भेटल्यावर श्रीहरीभाऊंनी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला. रोशनी तयार चहा मसाल्याची पाकिटं विकत होती. रविवारी ती हजर होती आणि चंदाचं दूध सगळ्यांत आधी तिने बंद केलं होतं. रविवारी तिच्या घरचं दूध फाटलं का, असं साधनाने विचारलं.

"माझं नाही फाटलं. पण उगाच कशाला जोखीम?"

गाडीत बसताच श्रीहरीभाऊ म्हणाले, "हीच. सईदाबाईंची पत घालवली की हिची पाकिटं खपणार."

 कारखान्याच्या फाटकापाशी साधनाने गाडी थांबवायला लावली, पाळी सुटून बाहेर येणाऱ्या दोघा कामगारांशी बोलली आणि परत येऊन बसली. तेवढ्यात श्रीहरीभाऊंनी टपरीवर दोन चहा संपवले होते.

बुधवारी चार वाजता दोघं पुन्हा गडचांदूरला पोचले. सोमाजी दुपारीच परतला होता. चंदा त्याला घेऊन सईदाबाईंच्या फाटकाशी उभी होती. दूध फाटल्याचं त्याला नुकतंच कळलेलं, आणि तो बायकोपेक्षा जास्त गोंधळलेला. साधनाने चंदाला बाजूला घेतलं.

"खरं सांगितलं तर तुझं नाव सुटेल. पण दुसरं एक नाव पुढे येईल. चालेल तुला?"

चंदाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "खरं असन तं कोनाचंबी येऊ द्या."

स्वयंपाकघरात सगळे जमले. रोशनीलाही बोलावलं होतं. साधनाने चंदाच्या कॅनमधलं ताजं दूध दोन पेल्यांत ओतलं आणि मशीनची टाकी दानिशला काढायला सांगितली. टाकी अजून अर्धी भरलेली होती. त्यातले चार चमचे पाणी तिने एका पेल्यात घातलं, आणि माठातलं तेवढंच पाणी दुसऱ्यात. पहिल्या पेल्यातलं दूध बघता बघता दाणेदार झालं. दुसरं जसंच्या तसं राहिलं.

 श्रीहरीभाऊंनी टाकीत बोट बुडवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं.

"लिंबू," ते म्हणाले.

"लिंबूसत्त्व," साधना म्हणाली. "दुधात काही दोष नव्हता, हे तुम्ही सगळ्यांनी मला काल सांगितलंत, फक्त प्रत्येकाने तुकडा तुकडा सांगितला. नासकं दूध वाफेने तापताच जगमध्येच फाटलं असतं. वाफेत आंबट उतरत नाही; ते कपात कॉफीला भेटल्यावर फाटलं. तेच दूध रोशनीताईंकडे टिकलं, आणि खिरीत दाट झालं. पण खरी खूण सईदाबाईंनी दिली. चहाला रंग चढला नाही तेव्हा दूध अजून पडलंच नव्हतं. न घातलेलं दूध चहा कसा बिघडवेल? चहात लिंबू पिळलं की तो फिका पडतो. तवंग चुन्यामुळे येतो, आणि त्या दिवशी तवंगही नव्हता. म्हणजे आंबट होतं ते पाणी. किटलीतलंही आणि मशीनमधलंही."

"पण आमच्या घरात असं वाईट कोण करेल?" सईदाबाईंनी विचारलं.

"वाईट कुणी केलंच नाही. लिंबूसत्त्वाने चुना निघतो. किटली आतून लख्ख झाली आहे. ती तुम्ही घासली नाही, फरहाने घासली नाही. दानिशला वाटलं टाकी तुम्ही भरली. शनिवारी संध्याकाळी किल्ली घेऊन या घरात एकच माणूस आला होता. त्याला चुना काढता येतो, तो त्याचा रोजचा धंदा आहे. आणि त्याच्या धंद्यात आत औषध भरलेलं असलं की दांडीला लाल चिंधी बांधतात. काल कारखान्याच्या फाटकावर मी खात्री करून घेतली. अर्थ एवढाच, की आधी धुवा, मग चालू करा. सकाळपाळीवाला चिंधी पाहतो आणि धुतो."

साधना थांबली. "या घरात सकाळपाळी नव्हती."

सोमाजी भिंतीला टेकून उभा होता. तो हळूहळू खाली बसला.

"मांगं इथं चहा पेताना किटलीत पाह्यलं होतं," तो म्हणाला. "चुन्यानं भरली होती. मशीनबी तशीच. मनलं, कार्यक्रम हाय, साफ करून ठेवतो. सांगितलं असतं तं तुम्ही करूच देल्लं नसतं, बाई. साधी भाजी आनली तं तुम्ही तिच्या दुप्पट देऊन पाठवता. तुम्ही मले मरनातून ओढलं. मले तुमाले काई देताच येत नव्हतं. हे एक काम येत होतं." त्याने बायकोकडे पाहिलं. "अन् नाव हिचं गेलं."

 चंदाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

सईदाबाईंनी टाकी बाजूला सारली. मग त्यांनी चंदाचा दुसरा हात आपल्या हातात घेतला.

"तीन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. भांडले असते तरी बरं झालं असतं. माफ कर."

"बाई, असं नका म्हनू जी."

"म्हणू दे. आणि सोमाजी, त्या वेळी दवाखान्यात आम्ही बसलो, कारण अकरा वर्षं तुझ्या घरच्या दुधावर माझी मुलं वाढली. ते कोण कुणाचं फेडत होतं, हे मला अजून कळलेलं नाही."

त्यांनी दानिशला सात पाण्यांनी मशीन धुवायला लावलं, फरहाला पातेलं चढवायला सांगितलं आणि डोक्यावर ओढणी घेतली. रतीबाची वेळ झाली होती. चंदाने कॅन उचलायला हात पुढे केला, पण सईदाबाईंनी ती आधीच उचलली होती.

ज्या पाच घरांनी रतीब बंद केला होता, त्या पाचही दारांत त्या स्वतः गेल्या. प्रत्येक दारात त्यांनी सोमाजीचं नाव न घेता एकच सांगितलं, की चूक माझ्या घरची होती, चंदाचं दूध चोख आहे. गल्लीत ज्यांच्या चहाला कुणी कधी नावं ठेवली नव्हती, त्या बाई आपल्या तोंडाने आपलीच चूक दारोदार सांगत होत्या. चार घरांतून भांडी पुढे आली.

पाचवं दार रोशनीचं. ती लगबगीने पुढे जाऊन आतून पातेलं घेऊन आली होती आणि खाली बघत उभी होती.

"दोन दिवसांचं राहिलंय," ती चंदाला म्हणाली. "आज जास्तच घाल."

चंदाने माप उचललं, पण डोळे भरून आल्यामुळे तिला पातेलं नीट दिसेना. तेव्हा सईदाबाईंनी तिच्या हाताखाली आपला हात धरला आणि दोघींनी मिळून दूध ओतलं. थोडं उंबऱ्यावर सांडलं, तरी रोशनीने पातेलं तसंच धरून ठेवलं.