एक्केचाळीस नंबरची फिल्म

निकिताच्या उजव्या हाताच्या बोटांचे सांधे सुजून काळेनिळे झाले होते.

उपनिरीक्षक सुकेशनीने ते दोनदा पाहिले, चादर परत ओढली आणि विचारलं, "कशानं गेली?"

"गॅसनं, मॅडम," हवालदार भाऊसिंग म्हणाला. "लाईट गेली, हवा बंद पडली, खतम. कामवाल्या बाईची चूक हाये. तिले बसोलं बाहेर."

"चूक कोणाची तेही ठरलं? वा!"

"नवऱ्यानंच सांगतलं ना."

"नवऱ्यानं सांगितलं म्हणजे झालंच की मग."

वाशीमपासून पंधरा-वीस किलोमीटरवर, मेडशीच्या रस्त्याला निकिता आणि तिचा नवरा विनोद यांची ही पत्र्याची शेड. बाहेर पऱ्हाटीचा ढीग. कापूस वेचून झाला की शेतात जी वाळकी काडी उरते, ती पऱ्हाटी. लोक ती चुलीत घालतात. ही पोरगी तिच्यातून पारदर्शक फिल्म काढायची, मोबाईलच्या आणि टीव्हीच्या पडद्यात बसते तशी. गावात आधी सगळे हसले. मग पुण्याची कंपनी विचारायला आली आणि हसणारे चूप झाले.

विनोद पुढच्या खोलीत बसला होता. शेजारी निकिताचे वडील शालिग्राम. म्हाताऱ्याचा हात जावयाच्या खांद्यावर होता.

"काम कसं चालायचं ते सांगा," सुकेशनी विनोदला म्हणाली.

"पऱ्हाटीचा लगदा एका द्रावणात विरघळवायचा आणि काचेवर ओतायचा. द्रावण उडून जातं, फिल्म उरते. पन्नास मिनिटं लागतात. तेवढा वेळ खोली अगदी कोरडी पाहिजे. ओल्या फिल्मला दमट हवा लागली की ती पांढरी पडते. मेलीच समजा."

सुकेशनीने बाहेर पाहिलं. श्रावणाची झड चौथ्या दिवशीही चालूच होती. तिच्या घरी दोरीवरचे कपडे तीन दिवसांपासून वाळत नव्हते.

"म्हणजे तेवढा वेळ ती आत कोंडून?"

"फिल्मवर लक्ष ठेवायला एक माणूस लागतो. द्रावणाची वाफ विषारी. म्हणून तोंडावर मास्क, मास्कला नळी, आणि बाहेरून पंखा ताजी हवा देतो."

"दाराला बाहेरूनच कडी आहे. आतून उघडायची काही सोय दिसत नाही."

"फटीतून ओल शिरायची. मागच्या महिन्यात मीच काढली, भोकं बुजवली."

दारावर एक कागद चिकटवलेला होता. निकिताचं टपोरं अक्षर: लाईट गेली की लगेच दार उघडा. फिल्म गेली तरी चालेल.

"आज काय झालं?"

"अकरा दहाला लाईट गेली. दारावर ललिताबाई होती. मी इथे फोनवर होतो. आलो तर ती गायब! अकरा वीसला मी दार सताड उघडलं. निकिता खाली पडलेली. अकरा बावीसला एकशे आठला फोन लावला. हा बघा."

मोबाईलवर वेळ खरीच होती. गाडी अकरा पंचावन्नला पोहोचली होती. तेव्हा दार उघडं होतं आणि निकिता गेलेली होती.

"आणि आजची फिल्म?"

"पांढरी पडली. फेकली." विनोदचा आवाज चढला. "माझी बायको मेली आहे, मॅडम! फिल्म काय विचारता?"

सुकेशनीला जरा लाज वाटली. पण प्रश्न काही मनातून जाईना.

"त्या बाईले सोडू नोका," शालिग्राम रडत म्हणाला. "जावईबापूनं तिले कामाले लावलं, अन् तिनं माही पोर कोंडून मारली."

ललिताबाई पायरीवर बसली होती. पदराच्या गाठीत दबलेला पेढ्यांचा पुडा होता.

"दार सोडून का गेलीस?"

"मले साहेबानंच अकरा वाजता चौकात पाठोलं. पुण्याचे अमरसिंग साहेब फिल्म पाह्याले येनार होते, त्याइच्यासाठी पेढे आन म्हने. दारावर मी उभा रायतो म्हने."

"साहेब नाही म्हणतात."

"मंग मी कायले खोटं बोलू? घरी दोन पोरी हायेत, मॅडम. मले आत टाकसान त त्या कोनाच्या तोंडाकडं पायतीन?"

शब्दाला शब्द. एका बाजूला शिकलेला कारखानदार, दुसऱ्या बाजूला झाडूवाली. कोणाचं ऐकलं जाणार हे सुकेशनीला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचा तिला संताप येत होता. संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आलाच. बाईवर गुन्हा नोंदवा आणि मोकळ्या व्हा. तिने आठ दिवस मागितले. पाच मिळाले.

दुसऱ्या दिवशी ती परत शेडमध्ये आली. मागच्या भिंतीला दोरी होती आणि दोरीला चिमट्यांनी अडकवलेल्या सहा फिल्म. सगळ्या दुधासारख्या पांढऱ्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात कागदाची एकेक चिठ्ठी फिल्मच्या आतच गाडलेली, निकिताच्या अक्षरात: नंबर, तारीख, ओतल्याची वेळ.

"हे काय?"

"लाईट गेली, मी दार उघडलं, अन् खराब झाल्या त्या," ललिताबाई म्हणाली. "निकिताताई एकबी फेकू देत नव्हती. याइच्याकडूनच शिकाचं असते म्हने."

"चिठ्ठी ओतायच्या आधी ठेवायची?"

"हो. मंग ते निंघतच नाई."

शेवटच्या फिल्मवर नंबर चाळीस होता. त्यापुढचा चिमटा रिकामा. सुकेशनीने कचऱ्याची टोपली उपसली, उकिरडा भाऊसिंगकडून उकरून घेतला. तो दिवसभर कुरकुरला. एक्केचाळीस नंबर कुठेच नव्हता.

चौथ्या दिवशी तिने पुण्याला अमरसिंगला फोन लावला.

"आलो होतो हो, वाशीमपर्यंत. बातमी कळली आणि परतलो. फार वाईट झालं. पण विनोदरावांची जिद्द पाहा, एवढ्या दुःखात फिल्म कुरिअरने पाठवली. ही शेवटची संधी होती. यंदा जमलं नसतं तर आम्ही दुसरीकडे गेलो असतो."

"कोपऱ्यात चिठ्ठी आहे?"

"असणारच. चिठ्ठीशिवाय आम्ही नमुना घेतच नाही. एक्केचाळीस नंबर."

"आणि फिल्म कशी आहे?"

"अहो, काचेसारखी!"

"ती घेऊन उद्याच्या उद्या शेडवर या," सुकेशनी म्हणाली.

पाचव्या दिवशी सगळे शेडमध्ये जमले. अमरसिंग फिल्म घेऊन आला होता. झड सुरूच होती. दाराला आतून उघडता येईल अशी नवी कडी लावलेली. ललिताबाईने मास्क घालून, निकिताचं रोज पाहिलं होतं तशी, बेचाळीस नंबरची फिल्म ओतली. पंचवीस मिनिटं झाली आणि सुकेशनीने दार उघडलं.

हवा आत शिरली. फिल्मवर आधी कडेने धुरकट झाक आली, मग ती दुधासारखी झाली. बघता बघता पांढरीफटक!

"विनोदराव, त्या दिवशी तुम्ही दार कधी उघडलं?"

"सांगितलं ना. अकरा वीसला."

"सताड?"

"सताड."

"निकितानं फिल्म किती वाजता ओतली होती?"

 सुकेशनीने अमरसिंगकडची फिल्म उजेडात धरली. पलीकडचा पऱ्हाटीचा ढीग काडी न् काडी दिसत होता.

"चिठ्ठीत तिनंच लिहिलंय. एक्केचाळीस, एकवीस ऑगस्ट, दहा पंचावन्न. अकरा वीसला पंचवीसच मिनिटं झाली होती. तेव्हा दार उघडलं असतं, तर ही फिल्म त्या बेचाळीससारखी झाली असती. ही स्वच्छ आहे. म्हणजे पन्नास मिनिटं पुरी होईपर्यंत, पावणेबारापर्यंत, हे दार उघडलंच नाही."

"मी... मला सुचलं नाही काही."

"सगळं सुचलं. पाहुणा यायचा म्हणून ललिताबाईला चौकात धाडलंत. लाईट गेल्यावर ती असती, तर तिनं दार उघडलंच असतं. सहा वेळा उघडलं होतं. लाईट जायचा डाव तुम्ही नाही रचला, तेवढं मी मान्य करते. पण गेली, आणि तुम्ही दाराबाहेर उभे राहिलात. कडी तुमच्या हाताशी होती. तिनं बोटं सुजेपर्यंत दार वाजवलं."

"मागच्या खेपेले ताईच्या तोंडावर म्हनले होते हे साहेब," ललिताबाई मध्येच बोलली. "पांढरी झाली तवा. 'धा मिनिट दम धरला असता तर मेली असती काय?' असं."

"दार बंद ठेवूनच यांनी एकशे आठला फोन केला. गाडीला अर्धा तास लागतो हे यांना माहीत होतं. तेवढ्यात फिल्म सुकली. मग दार उघडलं. आधी फिल्म सोलून कपाटात ठेवली आणि नंतर बायकोकडे वळले. डॉक्टर म्हणतात, अकरा बावीसला बाहेर काढली असती तर कदाचित वाचली असती."

शालिग्रामचा हात आजही जावयाच्या खांद्यावर होता. तो हळूहळू खाली आला. म्हाताऱ्याने ललिताबाईकडे पाहिलं, मान खाली घातली.

"बापू," सवयीने तोच शब्द त्याच्या तोंडी आला, "माह्या पोरीनं दार किती येळ वाजोलं?"

 उत्तर मिळेल असं सुकेशनीला वाटलं नव्हतं.

"नऊ मिनिटं," विनोद म्हणाला. "अकरा बाराला सुरू केलं, अकरा एकवीसला थांबलं. फिल्मसाठी घड्याळ लावलेलंच होतं."

म्हातारा होता तिथेच खाली बसला. त्याला उठवायला ललिताबाई धावली.

भाऊसिंगने बेड्या घातल्या, नेहमीपेक्षा जरा जास्तच आवळून. सुकेशनीने फिल्म पाकिटात घालायला घेतली.

"मॅडम, घडी घालू नका," विनोद दारातून वळून म्हणाला. "सपाट ठेवा. घडी पडली तर ती गेली."

त्याच्या डोळ्यांसमोर तिच्या चार घड्या कराव्यात, चुरगाळून पायाखाली घालावी, असं सुकेशनीला फार वाटलं. पण पुरावा होता. तिने दोन पुठ्ठे मागवले आणि फिल्म त्यांच्यामध्ये सपाट ठेवली, अगदी तो म्हणाला तशीच.