चालू केली की गार पडणारी फरशी

बंद केली, गरम. चालू केली, गार.

मे महिना, अमरावती, मामांची गच्ची. अंधार पडलाय, तरी बादलीभर पाणी ओतलं की चर्र आवाज येतो.

एक काळा प्लास्टिकचा पाइप, अजगरासारखा वेटोळं घालून बसलेला.

घाटात एसटी तापते. ड्रायव्हर बॉनेट उघडून वाट बघत उभा.

“शेतकरी बंधूंनो, माझे पाय मला सापडत नाहीत.”

या सगळ्याचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं त्या सकाळी शर्वाणीला कोणी सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. पण त्या सकाळी ती कोणाचं ऐकण्याच्या अवस्थेतच नव्हती. पाहुण्याच्या खोलीच्या दारात ती खिळून उभी होती.

पाहुणा आडवा पडला होता.

पाहुण्याचं नाव थिल. तो दुसऱ्या ताऱ्याजवळच्या एका ग्रहावरून आला होता. शहरातली गर्दी त्याला मानवेना, म्हणून त्याची सोय चिखलदऱ्याला, शर्वाणीच्या घरी केली होती. वासराएवढं हिरवट अंग, पोळपाटाएवढे चार तळवे आणि गळ्यात बोलण्याची डबी. मराठी तो रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमातून शिकला होता, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना, अगदी मांजरीलासुद्धा, तो ‘शेतकरी बंधूंनो’ म्हणायचा. थिल होता शीतरक्ती (ज्याच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही असा). ऊब तो तळव्यांतून घ्यायचा, झाड मुळांतून पाणी घेतं तशी. तळवे गार पडले की अंग ताठरायचं. गारठा छातीपर्यंत चढला, तर तो पुन्हा उठणार नव्हता.

आणि चिखलदऱ्यात थंडीची लाट आली होती.

“शेतकरी बंधूंनो...” डबीतून बारीक आवाज आला, “माझे पाय मला सापडत नाहीत.”

“आबाऽऽ! आत्याऽऽ!” शर्वाणी ओरडली.

ती धावत आत गेली आणि जागीच थबकली. फरशी बर्फासारखी होती! भिंतीतला पंप तर गुरगुरत होता. लाल दिवा लागलेला होता. फरशीत शिरणाऱ्या पाइपला तिने हात लावला, तर चटका बसला. सगळं चालू, आणि फरशी थंडगार! काल रात्री ती थिलला गुड नाइट करायला आली होती तेव्हा पंपाचा आवाजही नव्हता, दिवाही विझलेला होता, आणि फरशी मात्र छान उबदार होती. पंप अधूनमधून आपोआप थांबत असेल, असं समजून ती झोपायला गेली होती.

बंद केली, गरम. चालू केली, गार. असं कधी असतं का?

ही फरशी आबांनी स्वतः घातली होती. आबा म्हणजे शर्वाणीचे आजोबा, एसटी डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक. थिल आला तेव्हा त्याच्यासाठी गरम हवेची दोन यंत्रं मिळाली होती, पण त्या वाऱ्याने त्याची कातडी तडकायला लागली. तेव्हा आबा म्हणाले, “जन्मभर रेडिएटरमधून पाणी फिरवून इंजिन गार केलं. आता पाणी फिरवून पाहुणा गरम करू!” असलं काम त्यांनी आधी कधीच केलेलं नव्हतं. पण हात तयार होता.

त्या फरशीचं पोट, खालून वर:

माती.

मातीवर थर्मोकोल. हा उष्णतारोधक (उष्णतेला पलीकडे जाऊ न देणारा), नाहीतर सगळी ऊब जमिनीत मुरली असती.

थर्मोकोलवर लोखंडी जाळी.

जाळीला बांधलेला काळा पाइप. वीतभर अंतर ठेवून नागमोडी, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. अख्खा एकसंध. “फरशीच्या पोटात जोड नको,” आबा म्हणाले होते, “गळला तर शोधणार कुठे?” सिमेंट ओतण्याआधी त्यांनी पाइपात दाबाने पाणी भरून रात्रभर तसंच ठेवलं होतं. सकाळी दाबमापकाचा (पाणी किती जोराने ढकलतंय ते दाखवणाऱ्या घड्याळाचा) काटा जागचा हलला नव्हता, तेव्हा आबा दारात बसून एकटेच गाणं म्हणत होते.

पाइपावर सिमेंटचा जाड थर.

थरावर थिलचे तळवे.

छतावरच्या सौरबंबात पाणी तापायचं, ऊन कमी पडलं तर विजेवर; किती तापवायचं ते भिंतीवरच्या आकड्यांच्या फिरत्या खटक्यावर ठरायचं. पंप ते पाइपातून फिरवायचा. फरशी तापली की तिच्यातून अवरक्त किरण (डोळ्यांना न दिसणारे, पण अंगाला जाणवणारे उष्णतेचे किरण) निघायचे. वारा नाही, आवाज नाही.

आणि आज हे असं!

आबा धोतर सावरत आले आणि थिलला बघून पांढरेफटक पडले.

“अगं, पाणी उकळ! बाटल्या भर!”

“बाप्पा रे!” म्हणत मागून आलेली आत्या, आबांची लेक, स्वयंपाकघरात पळाली. गरम पाण्याच्या बाटल्या आल्या, फडक्यात गुंडाळून चारही तळव्यांखाली गेल्या.

आबांनी फरशीतून परत येणाऱ्या पाइपला हात लावला. “जाताना चटका, येताना पार कोमट. पाणी फिरून राहिलंय. मग ऊब कुठं चालली?”

“फरशीने खाल्ली असेल,” आत्या म्हणाली.

“थट्टा सुचून राहिली तुला!”

“आबा, पंप रात्री बंद होता,” शर्वाणी म्हणाली. “मी आले होते तेव्हा.”

“बंद? कोणी केला?”

“मी,” आत्या म्हणाली. “काल दुपारी बाजारात जाताना. गीझर चालू ठेवून घराबाहेर पडतं का कोणी? रात्री पाय लावून पाहिला, तर फरशी गरमच! म्हटलं, बंद राहूनही गरम राहते, तर कशाला फुकट चालवायची? मघाशी उठले तेव्हा तो झोपलाय असं वाटलं; फरशी जरा गार लागली, म्हणून बटण दाबलं.”

आबांनी ताडकन वळून पाण्याच्या उष्णतेचा खटका धरला आणि तो पार शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवला.

“आता बघतो कशी तापत नाही ते!”

शर्वाणी फरशीवर गुडघे टेकून बसली होती. थंडगार सिमेंट. आत कुठेतरी चटका बसेल असं पाणी. वर काहीच नाही.

वर काहीच नाही... अजून.

तिला मामांची गच्ची आठवली. मे महिन्यात सकाळी ऊन रणरणायला लागलेलं असतं, तरी गच्चीवर अनवाणी उड्या मारता येतात. आणि रात्री? सूर्य कधीच मावळलेला, तरी गाद्या टाकायच्या आधी बादल्याच्या बादल्या ओताव्या लागतात. ऊन चालू, गच्ची गार. ऊन बंद, गच्ची गरम!

“आबा, खटका मागे घ्या!”

“काय?”

“मागे घ्या म्हणते ना!” आबांवर आपण ओरडलो याचा तिला स्वतःलाच धक्का बसला. पण ती थांबली नाही. “फरशी बिघडलेली नाही. ती उशिरा सांगते. काल रात्रीची ऊब ही काल सकाळी भरलेली होती. आत्याने बंद केलं, ते फरशीला आत्ता कळतंय. आणि आत्ता तुम्ही जे भरताय ते दुपारनंतर वर येईल. तेव्हा थिलचे तळवे पोळतील, आणि तुम्ही खटका बंद केला तरी फरशी तापतच राहील! आत गेलेली ऊब ओढून बाहेर काढता येत नाही.”

आबांचा हात खटक्यावरच होता. त्यांनी थिलकडे पाहिलं. त्याच्या गळ्यातली डबी गप्प झाली होती.

“पोरी, तो मरून राहिलाय गं.”

“त्याला आत्ता बाटल्याच वाचवतील. फरशी नाही.”

मग आबांनी खटका हळूहळू मागे आणला, नेहमीच्या आकड्याच्या जरासा पुढे, आणि तिथेच सोडला. “उष्माधारकता,” ते पुटपुटले. “एखाद्या वस्तूच्या पोटात किती ऊब मावते ते. जाडजूड सिमेंटच्या पोटात लय मावते. भरायला वेळ, रिकामी व्हायलाही वेळ. माझं इंजिन कधी एवढं सावकाश नव्हतं बाप्पा.”

मग सुरू झाली बाटल्यांची फेरी. आत्या उकळायची, आबा भरायचे, शर्वाणी बदलायची. एक गार झाली की दुसरी. थिल हलत नव्हता. शर्वाणी दर वेळी फरशीला गाल लावून बघायची. गार. गार. पुन्हा गार. खटक्याकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, तरी डोळे तिकडेच जात होते. आपण चुकलो असलो तर?

ऊन खिडकीत आलं तेव्हा तिने पुन्हा गाल टेकला आणि किंचाळली.

“काय झालं?” आबा धडपडत आले.

“कोमट! आबा, कोमट आहे!”

फरशी दुपारभर सावकाश वर येत राहिली, पोळली मात्र नाही. आधी एक तळवा हलला, मग दुसरा. थिल चारही पायांवर उभा राहिला, डुगडुगला, सावरला.

“शेतकरी बंधूंनो,” डबी म्हणाली, “हवामानात सुधारणा दिसून येत आहे.”

आत्याने डोळ्यांना पदर लावला. “मी आता गीझरलासुद्धा हात लावणार नाही, बाई.”

“गीझर बंद करत जा,” आबा म्हणाले. “ही करू नको. तो घटकेत तापतो, ही सावकाश.”

थिलने सगळं समजून घेतलं. पंप बंद पडला तरी फरशी कितीतरी वेळ ऊब देत राहते, हे शर्वाणीने त्याला दोनदा सांगितलं, कारण त्याने दोनदा विचारलं. मग तो म्हणाला, “बंधूंनो, परतीच्या प्रवासाला माझ्या यानात अशी फरशी घालता येईल काय?”

“सिमेंट? यानात?” आबा दचकले. “उडेल का ते?”

“पाणी भरू!” शर्वाणी म्हणाली. “सारख्या वजनाच्या सिमेंटपेक्षा पाणी चौपटीहून जास्त ऊब धरतं. फरशीखाली पसरट टाकी करायची. यंत्र बंद पडलं तरी दुरुस्तीला वेळ मिळेल.”

आबांनी कानामागची पेन्सिल काढली. “मापं घ्यायला यानात जावं लागेल. टेप कुठंय?”

“मी आणते,” म्हणत शर्वाणी पळाली. अंतराळयानाला फरशी घालणारं घर चिखलदऱ्यात त्यांचं पहिलंच असणार होतं.

येताना त्या यानात थिल आणि त्याचा सोबती असे दोघे होते; वाटेत ऊब देणारं यंत्र बंद पडलं, आणि उतरला तो थिल एकटाच.