पुसलं जाणारं घर

"आज माझा टूथब्रश गेला. काल आमचा तळ्याकाठचा फोटो, परवा दोघींची रजई." मार्गो डेल्माला सांगत होती. "मी बाहेर पडले की घरातून मीच कमी होत जाते. मला आता घरात जायची धास्ती वाटते."

तिची जोडीदारीण लिंडल महिन्यापूर्वी वारली. वीस वर्षांचा संसार, पण लग्न नाही की मृत्युपत्र नाही. दोघी जोडप्यासारख्या राहिल्याचं कोर्टात सिद्ध झालं तर घर मार्गोचं, नाहीतर लिंडलच्या भावाचं, ट्रेव्हरचं.

गुप्तहेर डेल्मा आपल्या सहकाऱ्याला, रॉसला, घेऊन ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो गावातल्या त्या घरी गेली. फाटकातून शिरताच निलगिरीच्या झाडावरून एका मॅगपाय पक्ष्याने अंगावर झेप घेतली. रॉस डोक्यावर पिशवी धरून पळत सुटला, डेल्माही त्याच्यामागे. मार्गो मात्र शांतपणे चालत आली.

"पिल्लं आहेत त्याची. रोजचे चेहरे ओळखतो, नवख्याची खैर नाही."

"दाराची किल्ली?"

"कुंडीखाली. सगळ्या गल्लीला ठाऊक."

डेल्माने ट्रेव्हरला बोलावलं. तो धावतपळत आत आला. कानाला पट्टी होती.

"झोपायच्या दोन खोल्या, दोन बायका. भाडेकरू होती ही! आणि चोरी मी कशाला करू? परवा आलो, तर या पाखराने फाटकातच कान फोडला."

"हाच चोर," रॉस कुजबुजला. डेल्मा खिडकीबाहेर बघत होती.

शेजारची म्हातारी थेल्मा येत होती. ती ट्रेव्हरच्याच घरात भाड्याने राहायची. उघडं डोकं, दोन्ही हातांत केकची बशी, सावकाश चाल.

"बाई गं, किती वर्षांनी आले इथे! त्या मेल्या पाखराला फार भिते हो मी."

"थेल्मा, वस्तू कुठे ठेवल्यात?" डेल्माने विचारलं.

बशी खाली पडली.

"भिणारा माणूस डोकं झाकतो, पळतो. पाखराने ट्रेव्हरला फोडलं, आम्हाला पळवलं. तुमच्याकडे मानही वळवली नाही. त्याच्या रोजच्यातल्या आहात तुम्ही."

थेल्मा रडायला लागली. "हा ट्रेव्हर म्हणाला, दोघी एकत्र राहिल्याच्या खुणा काढ, नाहीतर घर खाली कर. या वयात कुठे जाऊ मी?"

"काय उचलायचं ते यानेच सांगितलं?"

"त्याला काय कप्पाळ ठाऊक! जे जे दोघींच्या संसाराचं होतं, ते मीच बघून उचललं."

ट्रेव्हरचा चेहरा पडला. रॉसलाही आत्ता कुठे उमगलं.

"म्हणजे त्यांचा संसार तुम्ही ओळखून होतात. हेच कोर्टात सांगा," डेल्मा म्हणाली.

"आणि मग राहू कुठे?"

मार्गोने खाली पडलेली बशी उचलली. राग आलाच होता तिला.

"मागच्या खोलीत राहा," ती शेवटी म्हणाली. "तिथे कधी कुणी झोपलंच नाही."