दिव्याचं बटण

मधुचंद्राला जायचं ते स्वतः गाडी चालवत जायचं, हे दोघांनी लग्नाआधीच ठरवलं होतं. टूर कंपनीच्या बसमधून, गळ्यात बिल्ला अडकवून, काका-काकूंच्या घोळक्यात फिरायची तिची तयारी नव्हती, आणि कुणी शिट्टी वाजवली की धावत जाऊन बसमध्ये चढायचं हे त्याला जमण्यातलं नव्हतं. दोघंही तिशी ओलांडलेली. लग्न ठरवून झालेलं, ओळख म्हणावी तर दोन-चार वेळा कॉफी आणि फोनवरच्या गप्पा. गाडीत शेजारी शेजारी बसलं की माणूस कळतो, असं तिच्या मावशीचं म्हणणं होतं. मावशीने ते स्वतःच्या नवऱ्याकडे बघत म्हटलं होतं, त्यामुळे त्यात फारसं कौतुक नव्हतं.

परदेशी उतरल्या उतरल्या त्यांनी भाड्याची गाडी घेतली. स्टिअरिंग डावीकडे आणि रस्ता उजवीकडचा. पहिल्या दिवशी तो दर वळणाला "उजवी, उजवी" असं पुटपुटत होता, आणि इंडिकेटर द्यायला गेला की वायपर फिरायला लागत होते. वायपर फिरले की तो आधी हसायचा आणि मग तिच्याकडे बघायचा. तिला ते फार आवडलं. तो शाळेत भूगोल शिकवायचा, आणि स्वतःच्याच शाळेच्या मागच्या गल्लीत वाट चुकायचा. लग्नात सासूबाई तिला म्हणाल्या होत्या, "याला सांभाळ गं बाई, हा आपल्याच घरात दाराला धडकतो." नव्या नवरीला घाबरवायला त्या असं बोलत असतील, असं तिला वाटलं होतं. पण आठवडाभरात त्याने पंखा समजून गीझर आणि गीझर समजून पंखा लावून दाखवला, तेव्हा तिची खात्री पटली.

तिचं काम जरा वेगळं होतं. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ती घरांचे विजेचे नकाशे करायची. दिवा कुठे, पंखा कुठे आणि मुख्य म्हणजे बटण कुठे. अंधाऱ्या खोलीचं दार उघडल्यावर माणसाचा हात भिंतीवर कुठे जातो, यावर तिची रोजीरोटी होती. शिंपी जसा समोरच्याची कॉलर आधी बघतो, तशी ती कुठल्याही खोलीत शिरली की आधी बटणं बघायची. नव्या जागेत प्रत्येक जण चाचपडतो. आधी दाराच्या एका बाजूला, मग दुसऱ्या, मग वैतागून मोबाइलचा उजेड. यात हुशार आणि मठ्ठ असा फरक नसतो.

पहिला मुक्काम एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर होता. पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. खिडक्यांच्या झडपा बंद, आत मिट्ट काळोख. त्याने दार ढकललं, एका हातातली बॅग खाली ठेवली, दोन पावलं आत जाऊन वाकला आणि कपाटाशेजारी, गुडघ्याच्या उंचीवर असलेलं बटण दाबलं.

"हे इथे कुणी बसवलं?" ती म्हणाली. "आणि तुला कसं दिसलं?"

"दिसलं नाही. हात गेला."

"गुडघ्यापाशी?"

त्याने बटणाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. "दिवा लागला ना? मग झालं तर." आणि नेहमीसारखा आधी हसला.

पुढच्या मुक्कामी न्हाणीघराचा दिवा छतापासून लोंबणाऱ्या दोरीने लागायचा आणि ती दोरी दाराच्या मागे, टॉवेलच्या आड होती. त्याने आत शिरता शिरता मागे हात नेला आणि दोरी ओढली. त्याच्या पुढच्या ठिकाणी बटण खोलीत नव्हतंच. बाहेरच्या बोळात, कोट अडकवायच्या खुंट्यांच्या खाली होतं. तो बोलत बोलत येत होता. बोलणं न थांबवता त्याने कोट बाजूला सारून बटण दाबलं.

एकदा झालं तर योगायोग म्हणता येतो. पण तो नुसता दिवेच लावत नव्हता. एका घरात जिन्याच्या वळणावर तुळई खाली आलेली होती. तिथे तो अंधारात मान लववून गेला, आणि मागून ती कपाळ शेकवून घेऊन आली. गरम पाण्याचा नळ कुठला हे तिने भाजून घेऊन शोधलं, त्याने नाही. एका घराची मालकीणबाई इतर पाहुण्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं समजावून सांगत होती: खिडकी आधी वर उचला, मग ढकला. याच्या हातात मात्र तिने नुसती किल्ली ठेवली आणि आपल्या कामाला निघून गेली. खिडकी त्याने आधी वर उचलली, मग ढकलली.

त्या दिवशी जेवताना तिने विचारलंच.

"तू इथे आधी कधी आला होतास का?"

"माझा पासपोर्ट तूच बघितलास. कोरा करकरीत होता."

"खरं सांग. कुणी असेल तर असेल. लग्नाआधीचं मी काही मनात धरणार नाही."

तिच्या मनात खरंच तसं आलं होतं. एखादी बाई, एखादं जुनं प्रकरण, लपवलेला एखादा प्रवास. आणि गंमत म्हणजे तसं निघालं असतं तर तिला हायसं वाटलं असतं. खोटं बोलणारा नवरा परवडला. त्याच्याशी भांडता तरी येतं.

"कुणी नाही गं," तो म्हणाला. "मलाही हे आवडत नाहीये. मला धडपडायची सवय आहे. आता प्रत्येक गोष्ट हाताला आपोआप लागते आणि अंगावर काटा येतो." जेवण अर्धवट टाकून त्याने तिचा हात धरला. लग्न झाल्यापासून प्रथमच तिला वाटलं की हा माणूस आपला आहे, आणि याला आहे तसा, धडधाकट आणि धांदरट, घरी घेऊन जायचं आहे. बाकी प्रवास गेला चुलीत.

परतीचं विमान जवळ आलं होतं, म्हणून त्यांनी उरलेली ठिकाणं गाळली आणि गाडी सरळ विमानतळाच्या शहराकडे घातली. मोबाइलवरचा नकाशा तिच्या मांडीवर होता. दुपारी नकाशातली बाई सरळ जायला सांगत असताना त्याने गाडी एका बारीक रस्त्यावर वळवली. इंडिकेटर बरोबर दिला. वायपर फिरले नाहीत.

"अरे, इकडे कुठे?"

दोन्ही बाजूंना नांगरलेली रिकामी शेतं होती. रस्त्याच्या टोकाला एक बैठं घर होतं, मातकट रंगाचं, हिरव्या फाटकाचं. मागे झाडी इतकी दाट होती की भरदुपारी खिडक्या काळ्या दिसत होत्या. अंगणात कपडे वाळत घालायची दोरी होती आणि तिच्यावर चिमटे होते, कपडे नव्हते. त्याने गाडी फाटकासमोर न लावता बाजूच्या भिंतीलगत लावली. तिथे मातीत चाकांच्या जुन्या खाचा पडलेल्या होत्या. गाडी त्यात अलगद बसली.

"मी बघून येतो फक्त."

"नको."

"दार बंद असलं तर लगेच परत. पण नुसता पुढे गेलो तर आयुष्यभर डोक्यात राहील गं."

"मग मी पण येते."

"तू इथेच बस." तो हे इतकं मऊपणे म्हणाला की ती बसून राहिली. या एका गोष्टीसाठी तिने पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

दार त्याने ढकलताच उघडलं आणि त्याच्यामागे लोटलं गेलं.

मग एका खिडकीत दिवा लागला. पाठोपाठ शेजारच्या. मग मागच्या बाजूला कुठेतरी, झाडांवर उजेड पडला म्हणून कळलं. मध्ये कुठे थांबणं नाही, चाचपडणं नाही. कामावरून घरी आलेला माणूस जसा एकेक दिवा लावत आत जातो, तसे ते लागत गेले.

तिने काच खाली केली. आतून काही आवाज नव्हता.

मग दिवे उलट्या क्रमाने मालवत आले. मागचा, मग मधला. दारालगतच्या खोलीतला तेवढा राहिला.

तिने त्याला हाक मारली. मग शेजारच्या सीटवरून वाकून हॉर्न दाबला, आणि दाबूनच धरला.

दार उघडलं. तो बाहेर आला. सावकाश, पायाखाली बघत आला, पायरीवर जरा ठेचकाळला. गाडीपाशी येऊन थांबला, दारांकडे पाहिलं, आणि मागचं दार उघडून मागच्या सीटवर बसला.

"मागे का?" तिने विचारलं.

"बरं आहे इथे."

"काय होतं आत?"

"काही नाही."

ती उठून स्टिअरिंगवर बसली आणि गाडी काढली. फाटकापाशी वळताना तिची नजर आरशात गेली. दारालगतच्या खोलीतला दिवा अजून जळत होता.

ती बघत असतानाच तो मालवला गेला.

तिने ते त्याला सांगितलं नाही. जुनं घर, जुनी वायर, सैल झालेली जोडणी. अशी कारणं तिला झोपेतसुद्धा देता आली असती. तिने ती स्वतःला दिली आणि गाडी दामटली.

संध्याकाळी विमानतळाजवळच्या हॉटेलात खोली मिळाली. त्याने दार उघडलं आणि भिंतीवर हात फिरवायला लागला. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. बटण सापडेना. तो गोंधळून उभा राहिला. तिने मागून हात घालून दिवा लावला आणि तिला एकदम हसू फुटलं, हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. सुटलो एकदाचे. तिने त्याला मिठी मारली. ती हसते आहे हे पाहून मग तोही हसला.

सकाळी सासूबाईंचा फोन आला. तिने फोन त्याला दिला. तो ऐकत होता, "हो, हो, बरं" म्हणत होता. मग त्याने फोन जपून, दोन्ही हातांनी परत दिला.

"कोण होतं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"अहो आई, तोच होता."

"हो का? घसा बसलेला दिसतोय त्याचा. थंड पाणी पिऊ देऊ नकोस."

विमानात तो गप्प होता. दमला असेल. तीही दमली होती. त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं तेव्हा त्याने ते ठेवू दिलं, पण खांदा जराही हलवला नाही.

घरी पोचले तेव्हा चांगलं ऊन वर आलं होतं. सासूबाईंनी दार उघडून सुनेला जवळ घेतलं आणि तिच्या खांद्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "या ना, या. बसा."

सासूबाईंचा स्वभाव चेष्टेखोर. तिला वाटलं, लेकाची खोड काढताहेत. त्याने दारातच बूट काढले, भिंतीला लावून नीट ठेवले आणि सोफ्याच्या कडेवर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. भिंतीवरचे फोटो तो एकेक करून बघायला लागला.

ती सासूबाईंच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. त्यांनी चहाचं आधण ठेवलं, आलं ठेचलं, फडताळातून कप काढले आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "सज्जन दिसतात. विमानात ओळख झाली का?"

तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या चेष्टा करत नव्हत्या.

"आणि आमचं ध्यान कुठे राहिलं? टॅक्सीत काहीतरी विसरलं असणार, दुसरं काय."

दारातून तिला तो दिसत होता. तिची नजर गेली तशी त्यानेही वर पाहिलं आणि परक्याच्या घरी हसतात तसं, अदबीने हसला. तिला आरशात दिसलेला, तिच्या देखत मालवलेला तो दिवा आठवला. तोंडून शब्द निघाला तो अगदी साधा.

"खालीच आहे," ती म्हणाली.

सासूबाईंनी चार कप भरले. दोन ट्रेमध्ये ठेवले, एक तिच्या हातात दिला.

"त्याचा झाकून ठेव गं," त्या ट्रे घेऊन बाहेर जाता जाता म्हणाल्या. "येईपर्यंत गार व्हायचा."

तिने चौथ्या कपावर बशी झाकली.