निरोपाचे थेंब

चैत्राली घोरपडेला आयुष्यात पहिल्यांदा कुणाची तरी आठवण आली, तेव्हा तिला वाटलं आपल्याला ताप आलाय.

भूगोलाचा तास चालू होता. छातीत काहीतरी ओढल्यासारखं व्हायला लागलं आणि मान्सूनचे वारे कुठून कुठे वाहतात ते काही केल्या डोक्यात शिरेना. तिने शहाण्या रुग्णासारखं केलं. दप्तरातल्या डबीतून कॉर्टिसोलची एक जादा गोळी काढली आणि पाण्याबरोबर गिळून टाकली. अंगात ताप असेल तर डोस दुप्पट, हा नियम तिला पाढ्यांच्याही आधी पाठ झाला होता. मग शाळेच्या कार्यालयात जाऊन थर्मामीटर लावला. ताप नव्हता. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. तीन दिवसांत तीन गोळ्या फुकट गेल्या आणि चौथ्या दिवशी ती मिरजेच्या ग्रंथी-रुग्णालयात डॉक्टर नसीमा मुजावर यांच्या समोर जाऊन बसली.

"कुठे दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुखत नाही मॅडम. ओढतं."

"कुठल्या बाजूला?"

चैत्रालीने नीट विचार केला. "जयसिंगपूरच्या."

डॉक्टर आधी हसल्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "जयसिंगपूरला कोण असतं गं?"

"सुवार्तासिस्टर. इथल्याच होत्या, आता तिकडे राहतात."

हे समजायला एक गोष्ट माहीत असावी लागते. आपल्या मेंदूच्या खाली, नाकाच्या बरोब्बर मागे, वाटाण्याएवढी एक ग्रंथी लटकलेली असते. पियूषिका तिचं नाव. एवढीशी असली तरी अख्ख्या शरीराची मुख्याध्यापिका तीच. कुणी किती वाढायचं, किती पाणी धरून ठेवायचं, संकट आलं की किती जोर लावायचा, सगळे हुकूम तिच्याकडून सुटतात. चैत्राली चार वर्षांची असताना तिथे एक गाठ झाली. गाठ काढताना ग्रंथीही गेली. तेव्हापासून मुख्याध्यापिकेची सगळी कामं औषधं करत आली होती. सकाळी कॉर्टिसोल, मग थायरॉइडची गोळी, लघवीवर ताबा राहायला नाकात फवारा, उंची वाढायला मांडीत सुई. एकेक हुकूम बाटलीत भरून मिळत होता.

फक्त एक मिळत नव्हता. आई बाळाला छातीशी धरते, कुणी आपला हात हातात घेतो, तेव्हा जो हार्मोन अंगात झिरपतो, तो. ऑक्सिटोसिन. तो नाही म्हणून मूल आजारी पडत नाही, त्यामुळे तो नाही हे कुणाच्या लक्षातच येत नाही. उलट सगळे कौतुक करतात. सुई टोचली तरी आईला हाक नाही, आई घरी गेली तरी रडणं नाही. किती समजूतदार मुलगी! चैत्रालीला अकरा वर्षं हेच ऐकायची सवय होती.

आणि आता स्नेहद आलं होतं. नखाएवढी पट्टी, दंडाच्या कातडीखाली बसवायची. ती स्पर्श ओळखते, आवाज ओळखते, आणि नेमका तोच हार्मोन नेमक्या वेळी सोडते. चैत्रालीला ती बसवून एकवीस दिवस झाले होते.

"तुझ्या आठवणी सगळ्या शाबूत होत्या," डॉक्टर म्हणाल्या. "पण कोरड्या. वाळत टाकलेल्या सांडग्यांसारख्या. आता त्यांना पाणी मिळालंय, त्या फुगतायत. तुला तापबिप काही नाही चैत्राली. तुला आठवण येतेय."

"असली असते?"

"असलीच."

"मग लोक शाळा-ऑफिसला जातात कसे?"

डॉक्टरांनी तिच्या दंडातली पट्टी बोटाने चाचपून पाहिली. त्या म्हणाल्या, "फारच होत असेल तर पट्टी काढू. आठ दिवसांत सगळं थांबेल."

"नको!" चैत्राली इतक्या जोरात ओरडली की बाहेर बाकावर बसलेल्या आजोबांनी दार ढकलून आत पाहिलं.

घरी मात्र वेगळंच प्रकरण झालं. पट्टी बसवली त्या आठवड्यात चैत्राली स्वयंपाकघरात जाऊन उगाच आईच्या पाठीला चिकटली होती, आणि आईने हातातलं लाटणं सोडून एवढं रडून घेतलं होतं की दोन पोळ्या करपल्या. पण सुवार्तासिस्टरचं नाव ऐकल्यावर आईचा चेहरा उतरला.

"सात वर्षं मी पण डबे घेऊन येत होते हो. बाकड्यावर बसून पाठ मोडली माझी. तिची ओढ लागते, माझी नाही लागत?"

"अगं, तू रोज दिसतेस ना! ओढ लागायला माणूस समोर नसावं लागतं."

"मग जाऊ का चार दिवस माहेरी?" आईने नळ मोठा सोडला आणि उगाचच धुतलेली वाटी परत धुतली. थोड्या वेळाने म्हणाली, "जाऊन ये एकदा. केलंय तिने. नाही कसं म्हणू."

केलं होतंच. एक रुग्ण, एक सिस्टर, अशी त्या रुग्णालयाची पद्धत. चैत्राली चौदा महिने तिथे राहिली आणि पुढे अकरा वर्षांची होईपर्यंत दर बुधवारी जात राहिली, तेव्हा प्रत्येक वेळी सुवार्ता ठोंबरे याच सिस्टर. पोटात गेलेलं पाणी आणि बाहेर आलेलं पाणी मोजून वहीत लिहिणाऱ्या, सोडियम घसरलं की दुपारभर उशाशी खुर्ची टाकून बसणाऱ्या, सुई टोचताना मांडीवर पेनाने कासव काढून "आज कासवाच्या शेपटीला हं" म्हणणाऱ्या. शेवटच्या बुधवारी त्या तिचा हात धरून दहा मिनिटं बसल्या होत्या. चैत्राली समोरच्या पडद्यावर कार्टून बघत होती. मान न वळवता ती म्हणाली होती, "बाय सिस्टर." आता भूगोलाच्या तासाला तेच "बाय सिस्टर" तिच्या घशात अडकत होतं.

"पण त्या दहा मिनिटांनंतर काय होतं ते तुला माहीत आहे का?" दुसऱ्या भेटीत डॉक्टर मुजावरांनी विचारलं.

चैत्रालीला माहीत नव्हतं.

ओढ जर हार्मोनमुळे लागते, तर ती सोडवताही येते. मुलांना बरं करायला सिस्टरने जीव लावावा लागतो, हे रुग्णालयांनी मोजून पाहिलं होतं. पण जीव लावलेलं मूल घरी जातं, नाहीतर घरी जातच नाही, आणि सिस्टर मोडून पडतात. म्हणून निरोपाच्या दिवशी सिस्टर मुलाचा हात धरून बसते, सगळं आठवते, आणि आठवण अशी ताजी असतानाच नाकात दोन थेंब घालते. ते थेंब मेंदूतल्या त्या आठवणीच्या पेशींवर थर धरतात, ऑक्सिटोसिन तिथे पोचू शकत नाही. आठवण राहते, ओढ जाते. कागदावर त्याला बंधशिथिलक म्हणत. वॉर्डात सगळ्या म्हणत, निरोपाचे थेंब.

"म्हणजे त्यांना मी आठवतच नाही?"

"आठवतेस. वजनासकट आठवतेस."

"तो थर काढता येतो?"

डॉक्टरांनी कपाटाकडे बघितलं. "येतो. परतीचे थेंब आहेत. जुन्या रुग्णाने विनंती करायची, सिस्टरने संमती द्यायची, नियम आहे तसा. पण एकच माणूस निवडता येत नाही चैत्राली. थर निघाले की सगळे निघतात. सुवार्तासिस्टरनी दोनशे चौदा मुलं सांभाळली. त्यातली सगळीच चालत घरी गेलेली नाहीत."

"नंतर परत निरोपाचे थेंब घालायचे."

"त्याला प्रत्येक मूल समोर बसावं लागतं. हात धरायला." डॉक्टरांनी कपाटातून अर्ज आणि परतीच्या थेंबांची बाटली काढली. "दोन्ही मी तुला देते, तो तुझा हक्क आहे. पण माझं ऐकशील तर घरीच ठेव."

चैत्रालीने ऐकलं. म्हणजे कानांनी ऐकलं. डोक्यात तिचं गणित चालू होतं, आणि गणितात तिला कायम पैकीच्या पैकी असत. इतर मुलं सहा महिने, फार तर वर्ष. आपण सात वर्षं. म्हणजे सगळ्यात मोठा ढीग आपला. सगळ्यात आधी आपणच दिसणार, यात शंकाच नाही!

रविवारी दुपारी ती जयसिंगपूरला गेली. बसने जेमतेम पाऊण तास. एवढ्या जवळ असताना चार वर्षांत एकदाही यावंसं वाटलं नव्हतं, याचं तिला रस्ताभर नवल वाटत राहिलं.

दार उघडलं. सिस्टर थोड्या वाळल्या होत्या, केस पांढरे झाले होते. चैत्रालीने तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "घोरपडे चैत्राली. खाट अकरा. उजव्या मांडीवर सुई चालायची, डावीवर वळ उठायचा."

चैत्राली हसली, आणि वाट बघत उभी राहिली. सिस्टरनी तिला आत घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. "किती प्यायलीस ते लक्षात ठेव. सकाळचा कॉर्टिसोल कधी घेतलास?"

"सातला. आधी कॉर्टिसोल, मग थायरॉइड, मग अर्ध्या तासाने चहा."

"शाबास. उलटं करायचं नाही कधी."

बस्स. जवळ घेणं नाही, गालाला हात नाही. आवाज तोच होता, मऊ आणि ठाम, पण तो कुणालाही लावता आला असता. शेजारच्या बाईला, पोस्टमनला. चैत्रालीने भडाभडा सगळं सांगितलं, पट्टी, भूगोल, कार्टून. सिस्टर मान हलवत ऐकत होत्या, नव्या रुग्णाची माहिती घेतात तसं.

"किती दिवस आहे हे?"

"दहा-बारा दिवस झाले."

"कधी वाढतं?"

"आत्ता वाढलंय," चैत्राली म्हणाली. "तुम्ही समोर आहात तरी."

सिस्टरनी तिच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं. मग त्यांनी हात पुढे केला. "कागद आणलाय ना? आणल्याशिवाय तू अशी पिशवी घट्ट धरून बसणार नाहीस."

त्यांनी चष्मा लावून अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला.

"दोनशे चौदा," चैत्राली घाईघाईने म्हणाली. "मॅडमनी सांगितलंय मला. पण माझी सात वर्षं आहेत सिस्टर. तुम्हाला नको असेल तर राहू दे. म्हणजे, खरंच राहू दे."

"तुला राहू दे वाटतंय का?"

चैत्रालीला खोटं बोलायचं होतं. जमलं नाही.

"बाळा, रिटायर होऊन चार वर्षं झाली मला," सिस्टर म्हणाल्या. "एकटी राहते. हे घर मला एकदाही रिकामं वाटलं नाही. शेजारीण विचारते, वॉर्डाची आठवण नाही का येत? मी म्हणते, येते की, तारीखवार येते. ती माझ्याकडे विचित्र बघते." त्यांनी अर्जाची घडी सरळ केली. "वाटायला हवं होतं ना गं मला?"

इथे थांबता आलं असतं. पट्टी बसायच्या आधीची चैत्राली नक्की थांबली असती, कारण त्या चैत्रालीला कुणाकडून काही नको असायचं. तिने आजवर कुणालाच दुखावलं नव्हतं, ते त्यामुळेच. या चैत्रालीने मात्र पिशवीतून पेन काढलं आणि टोपण उघडून सिस्टरच्या पुढे धरलं.

सिस्टरनी सही केली. चैत्रालीने पिशवीतून काढून दिलेल्या बाटलीवरची तारीख तपासली, उजेडाकडे धरून पाहिली. मान मागे टाकून स्वतःच्या हाताने दोन थेंब घातले. "वेळ लिही. चार वाजून दहा मिनिटं. आणि माझी नाडी धर, दर पाच मिनिटांनी मोज."

चैत्रालीने मनगट धरलं. बहात्तर. पाच मिनिटांनी बहात्तर. आणखी पाच मिनिटांनी चौऱ्याऐंशी. मग एकशे चार, आणि सिस्टरची बोटं उलटी वळून तिच्या हातात रुतली. इतकी घट्ट की चैत्रालीला आनंदाने ओरडावंसं वाटलं. आलं! सिस्टरचे डोळे भरून वाहायला लागले होते. त्यांनी वर पाहिलं, सरळ चैत्रालीच्या चेहऱ्याकडे.

"यशोधन," त्या म्हणाल्या.

"नाही सिस्टर, मी..."

"खाट सहा. पहाटे गेला रे माझा. त्याच्यासाठी तीनदा घेतले होते मी थेंब, एकदा घेऊन भागेना." त्यांचा आवाज आता तसा राहिला नव्हता, कुणालाही लावता येईल असा. "गुलनार. तिची वेणी घालायची राहिली. प्रसन्नजित. अगं, त्याची आई गावाहून यायची होती, मी म्हटलं येईल हं आत्ता, येईल..."

चैत्रालीने कागदावर पाच मिनिटांनी आकडा लिहायचा होता, तो राहिला. एकेक नाव येत होतं. प्रत्येकाबरोबर सिस्टरचा हात तिच्या हातात नव्याने आवळत होता, आणि प्रत्येक आवळणं त्या त्या मुलाचं होतं. कुणाला पाणी हवं होतं, कुणी खिडकीजवळची खाट मागितली होती. सुरुवातीला चैत्रालीला राग आला. मग भीती वाटली. मग तिने पिशवीतला स्वतःचा रुमाल काढून सिस्टरचे डोळे पुसले, तर सिस्टरनी तिच्याकडे पाहून तिला "राघू" म्हटलं.

तिने मॅडमना फोन करायला हवा होता. त्यासाठी हात सोडावा लागला असता.

बाहेरचं ऊन भिंतीवरून खाली उतरलं. पन्नासावं नाव आलं. मग एक्कावन्नावं. चैत्राली खुर्ची ओढून थोडी आणखी पुढे सरकून बसली.