वाटेवरचा आवाज

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही नदीच्या या काठावर बसला आहात आणि पलीकडच्या उतारावर एक माणूस लाकडं फोडतो आहे. कुऱ्हाड खाली येते, ओंडका दुभंगतो, पण आवाज नाही. कुऱ्हाड पुन्हा वर जाते तेव्हा कुठे तो 'खट्' तुमच्यापर्यंत पोहोचतो. तुम्ही ऐकता तो घाव केव्हाच होऊन गेलेला असतो. एवढं डोळ्यांसमोर ठेवा. या गोष्टीत मला जे कळलं, ते एवढंच आहे.

आमच्या गार्दोने गावच्या शाळेत मी ताऱ्यांचा धडा याच ओंडक्यापासून सुरू करत असे. उजेडालाही चालत यावं लागतं. आज दिसतो तो तारा कदाचित कधीचाच मेला असेल. मग मी ताऱ्याचा जन्म सांगे. धुळीचा आणि वायूचा ढग स्वतःच्याच भाराने आवळत जातो, तापतो, पेटतो. आतलं जळण संपलं की तो राख जाळतो, मग राखेची राख. मोठ्या ताऱ्याच्या पोटात शेवटी लोखंड तयार होतं. लोखंड जळून उष्णता देत नाही. ते साठलं की ताऱ्याला स्वतःचा भार पेलत नाही आणि तो आत कोसळतो.

माझी भाची नोएमी पहिल्या बाकावर असे. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. घरी आल्यावर तिने बापाला सांगितलं, "बाबा, तुमच्या दुकानातलं सगळं लोखंड मेलेल्या ताऱ्यांचं आहे."

"म्हणजे मी स्मशानात धंदा करतो म्हण की," फाउस्तीनो म्हणाला. "ताई, पोरीला हे असलं शिकवतेस? उद्या गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल."

फाउस्तीनो माझा धाकटा भाऊ. बायको गेल्यापासून तो, नोएमी आणि मी एकाच घरात राहत होतो. घरामागे त्याचं जुन्या पिस्तुलांचं दुकान होतं. जुनी घ्यायची, गंज काढायचा, मोडलेले चाप नीट करायचे आणि हौशी लोकांना विकायची. त्याचा एक नियम होता. विकण्याआधी प्रत्येक पिस्तूल तो गिऱ्हाइकासमोर एकदा स्वतःच्या हाताने उडवून दाखवी. "न उडवता विकणं म्हणजे न चाखता मक्याचा पोलेंता वाढणं," असं तो म्हणे.

आमच्या खोऱ्यात घरटी एक माणूस बंदुकीच्या कामात. चाळिशी आली की कान जातात. म्हणून आम्ही सगळे ओरडून बोलतो. बाहेरच्यांना वाटतं, भांडण चाललंय. फाउस्तीनोचे कान तर कधीच गेले होते. तो आमच्या ओठांवरून बोलणं ओळखायचा.

त्या शरद ऋतूत वरच्या गावातल्या एका मयत पाद्र्याच्या सामानातून त्याने एक चकमकीचं पिस्तूल आणलं. काळंभोर लोखंड, अक्रोडाची मूठ. त्यावर कारागिराचं नाव नव्हतं, तपासणीची मोहरही नव्हती. आमच्याकडे मोहरेशिवाय पिस्तूल म्हणजे बाप्तिस्मा न झालेलं मूल. फाउस्तीनो ते उलटसुलट करून पाहत राहिला. "हातात घेतलं की वाटतं, कुणीतरी नुकतंच खाली ठेवलंय," तो म्हणाला.

शेजारच्या लुमेत्साने गावचा व्यापारी तुल्लिओ ते घ्यायला आला. तोही बहिराच. दुपारची वेळ होती. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. अंगणात फाउस्तीनोने दारू ठासली, गोळी बसवली आणि भिंतीजवळच्या ओंडक्यावर नेम धरला. नोएमी त्याच्या कोपराशी उभी होती. चकमक पडली, ज्वाळ निघाली, धूर झाला, ओंडक्याची ढलपी उडाली. तुल्लिओने मान डोलावली. व्यवहार झाला.

"बाबा, आवाज कुठे गेला?" नोएमीने विचारलं.

दोघेही हसले. "झालं, हिचेही कान गेले," तुल्लिओ ओरडला. "चला, आता ही खरी गार्दोनेची."

आवाज मीही ऐकला नव्हता. कारखान्यातला घण चालू असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

नंतर काही दिवसांनी जेवताना मी फाउस्तीनोला मीठ मागितलं. त्याच्या मिशा हलल्या, त्याने बरणी पुढे सरकवली, आणि मग ऐकू आलं, "घे, ताई." बहिरा माणूस आहे, बोलायला उशीर करतो, असं मला वाटलं. पुढच्या आठवड्यात त्याने चमचा ताटलीत टाकला. उठून तो खिडकीशी पोहोचला तेव्हा त्याच्या रिकाम्या जागेवर चमचा वाजला.

नोएमीने माझ्याकडे पाहिलं. मी सूप ढवळत राहिले.

मग सकाळचा खोकला दुपारी येऊ लागला. फाउस्तीनो दुकानात असे आणि जिन्यावर त्याची पावलं वाजत. "शुभ प्रभात, पोरी," हे दिवे लागताना ऐकू येई. त्याला स्वतःला काहीच ऐकू येत नव्हतं, त्यामुळे त्याला यातलं काही माहीत नव्हतं. आमचे चेहरे पाहून तो चिडायचा. "काय झालंय तुम्हा दोघींना?" हा प्रश्न आमच्यापर्यंत दुसऱ्या दिवशी पोहोचला.

"बाबा लांब चाललेत," नोएमी म्हणाली.

"अगं, तो काय समोर बसलाय."

"तारासुद्धा समोरच असतो ना, आत्या."

डॉक्टरांनी त्याच्या कानात पाहिलं आणि वय झालं म्हणाले. सगळं त्या बिनआवाजाच्या बारापासून सुरू झालं होतं, म्हणून मी लुमेत्सानेला गेले. ते पिस्तूल परत आणावं, आणखी काय करणार होते? तुल्लिओ दारातच बसला होता. मला पाहून त्याचे ओठ भराभर हलू लागले. आवाज अजिबात नव्हता.

"वाचा गेलीये त्यांची," त्याची बायको म्हणाली. "त्या काळ्या पिस्तुलाचा बार काढून पाहिला, तेव्हापासून. डॉक्टर म्हणतात, धसका घेतलाय."

"आणि ते पिस्तूल?"

"विकलं हो. कोण तो परदेशी होता, नाव कुणी विचारलंय? बसा, कॉफी ठेवते."

तुल्लिओने माझी बाही घट्ट धरली होती. तो काहीतरी पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याचे शब्द वाटेत असणार, हे मला ठाऊक होतं. कॉफी घेतली आणि निघाले.

हिवाळ्यात फाउस्तीनो खंगत गेला. अंगात काही रोग सापडेना. मी त्याला सगळं पाटीवर लिहून दाखवलं. त्याने ते वाचलं आणि पाटी पुसली. त्यानंतर हवं-नको ते तो पाटीवर लिहू लागला.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी, खुर्चीत घोंगडी पांघरून बसला असताना, त्याने नोएमीला हाताने जवळ बोलावलं. मी पाटी पुढे केली. त्याने ती बाजूला सारली. नोएमीचा हात हातात घेऊन तो तोंडानेच बोलू लागला. बराच वेळ बोलला. झुपकेदार मिशांखालचे ओठ काही कळू देत नव्हते. मग तो थांबला. त्याचा हात मात्र नोएमीच्या हातातच राहिला.

"काय म्हणाले?" तिने मला विचारलं.

मी तिचा हात त्याच्या हातातून अलगद सोडवला.

दफन झाल्यावर पाद्री येऊन घरात पवित्र पाणी शिंपडून गेले. त्यांची पाठ वळली आणि रिकाम्या खुर्चीतून फाउस्तीनो शिंकला. "थंडी आहे, जपा स्वतःला," पाद्री मलाच म्हणाले.

तो ऐकू येतच राहिला. सूप अळणी असल्याची तक्रार. गुणगुणणं. चाप घासल्याचा आवाज. सगळं क्रमाने, जसं घडलं होतं तसं. फक्त दोन आवाजांमधलं अंतर वाढत होतं.

नोएमी शाळेतून आली की खुर्चीसमोर बसे. तिला ते शेवटचं बोलणं हवं होतं. मी तिला मैत्रिणींकडे पाठवून पाहिलं, मावशीकडे धाडलं. ती पळून परत आली. "मी नसताना येऊन गेलं तर?" ती म्हणाली.

ते आल्यावर पुढे काय, हे मी तिला विचारलं नाही. त्यानंतर काहीच उरणार नव्हतं.

वर्ष गेलं. आणखी एक गेलं. खुर्चीतून आता महिनोन् महिने काही ऐकू येत नसे. नोएमी उंच झाली. ती कमी बोलू लागली होती, आणि बोललीच तर उत्तर जरा उशिरा येई. दुःख आहे, वय आहे, असं मी शेजाऱ्यांना सांगे.

उन्हाळ्याच्या सुट्टीतली दुपार होती. मी शेंगा सोलत होते.

घोंगडीची सळसळ झाली. पाटी सरकवल्याचा आवाज आला.

"नोएमी," फाउस्तीनो म्हणाला. अगदी हळू. आमच्या खोऱ्यात इतक्या हळू कुणी बोलत नाही. "जवळ ये. आत्याला ऐकू जाऊ देऊ नकोस."

मी उठले. दारात थांबले.

पुढचे शब्द मला कळले नाहीत. ती नुसती कुजबुज होती. बराच वेळ चालली, मग थांबली.

नोएमी खुर्चीपाशी जमिनीवर बसली होती. रडत नव्हती. तिने खुर्चीच्या हातावर हात ठेवला, मान वर केली आणि उत्तर द्यायला सुरुवात केली.

शेजारच्या अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या, तेही स्पष्ट ऐकू येत होतं. नोएमीचे नुसते ओठ हलत होते.